नखाएवढं अंतर

उजव्या हाताची तर्जनी डोळ्यांसमोर धरा आणि नखाची रुंदी पाहा. सेंटिमीटरभर, फार तर सव्वा. दहा वर्षांची एखादी मुलगी ५० मीटर फ्रीस्टाइल ४० सेकंदांत पोहते, तेव्हा एका शतांश सेकंदात ती एवढीच पुढे सरकते. पापणी लवायलाही याच्या निदान दहापट वेळ लागतो. तरीही निकालाच्या कागदावर ४०.१२ आणि ४०.१३ असे दोन आकडे एकाखाली एक छापून येतात, आणि वरच्या आकड्याला पदक मिळतं, खालच्याला नाही.

या नखाएवढ्या अंतरानं मला पुरतं वेड लावलं आहे. उपनगरातल्या तलावांच्या काठावर बसून मुलांच्या स्पर्धा पाहताना ते जितकं समजून घ्यावं, तितकं थक्क व्हायला होतं. ध्वनीचा वेग, लाटांचं गणित, ऑलिंपिकमधले जुने वाद, वाढत्या हाडांची लांबी, आदल्या रात्रीची झोप, हे सगळं त्या एका शतांश सेकंदात येऊन बसतं. आणि ते पेलणारं माणूस चौथी-पाचवीत शिकत असतं.

हातावरची अक्षरं

समजा, ही मुलगी मुलुंडची आहे आणि स्पर्धा अंधेरीला आहे. रविवारी उजाडायच्या आत ती आईबरोबर लोकलनं घाटकोपरला येते, तिथून मेट्रो पकडते आणि आझादनगरला उतरते. पुढे वीरा देसाई रोडवर शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल. पाठीवर तिच्या निम्म्या उंचीची बॅग. बॅगेत दोन गॉगल, कारण एकाचा पट्टा ऐन वेळी तुटतो. दोन टोप्या, दोन टॉवेल, सुका टी-शर्ट, चपला, केळी, आणि जन्मदाखल्याची प्रत.

उपनगरात पोहणाऱ्या मुलांचं जग अशा ठिकाणांनी जोडलेलं आहे. मुलुंडचं प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडा संकुल, पार्ल्याचं प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल, गोरेगावात प्रबोधन संस्थेचा ओझोन तलाव, कांदिवलीचा सरदार वल्लभभाई पटेल तलाव, चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य तलाव. बोरिवलीचं पोर कांदिवलीला जातं, घाटकोपरचं चेंबूरला किंवा मुलुंडला. शालेय स्पर्धांसाठी मात्र ही सगळी मुलं एकाच जिल्ह्याची: मुंबई उपनगर. तिथे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य, राज्यातून राष्ट्रीय अशी शिडी असते. क्लबकडून उतरणाऱ्यांची शिडी वेगळी. ती बृहन्मुंबई हौशी जलतरण संघटना, मग राज्य संघटना, मग भारतीय जलतरण महासंघ अशी चढत जाते.

तलावाच्या काठावर पोचल्यावर पहिलं काम होतं ते बॉलपेनाचं. सर तिचा हात धरतात आणि मनगटाच्या वर तीन आकडे लिहितात: कितवी शर्यत, कितवी हीट (म्हणजे त्या शर्यतीतली तुकडी), कोणती लेन. १२, ३, ४. दिवसभरात तीन शर्यती असतील तर तीन ओळी. पाण्यानं शाई फिकट होते, म्हणून सर दुपारी पुन्हा गिरवतात. कागद भिजतो, मोबाइल आईकडे असतो, घोषणा गोंगाटात विरून जाते. हातावरचं मात्र कुठे हरवत नाही. स्पर्धेला आलेल्या प्रत्येक मुलाच्या हातावर अशी निळी अक्षरं असतात, आणि ती घरी गेल्यावरही दोन दिवस पुसायची नाहीत, असा मुलांमध्ये जणू अलिखित नियमच असतो.

चौथी लेन नशिबानं मिळत नाही. आठ लेनच्या तलावात ज्याचं आधीचं टायमिंग सगळ्यात चांगलं, त्याला चौथी. मग पाचवी, तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली आणि शेवटी आठवी. म्हणून शर्यत अपेक्षेप्रमाणे झाली तर वरून पाहताना पोहणाऱ्यांची रांग बाणाच्या टोकासारखी दिसते. कडेच्या लेनला भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटाही सोसाव्या लागतात. लेनच्या दोरीवर ओवलेल्या प्लास्टिकच्या चकत्या फिरतात त्या शोभेसाठी नाहीत. शेजारणीच्या हातापायांनी उठलेली लाट त्या चकत्या फिरवण्यात खर्च होते आणि आपल्या मुलीपर्यंत पोचेस्तोवर तिचा जोर मोडलेला असतो.

चालण्याच्या वेगाची दमछाक

आता वेगाकडे पाहू. ४० सेकंदांत ५० मीटर म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर. स्टेशनकडे रमतगमत जाणारा माणूस याच वेगानं चालतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये केलेब ड्रेसलनं ५० मीटर फ्रीस्टाइल २१.०७ सेकंदांत जिंकली. तो वेग ताशी साडेआठ किलोमीटर. म्हणजे ऑलिंपिक विजेता पाण्यात ज्या वेगानं जातो, त्या वेगानं आपण सुटणारी लोकल पकडायला फलाटावर पळतो. तरीही शर्यत संपल्यावर तो ऑलिंपिकवीर काय किंवा आपली पाचवीतली मुलगी काय, दोघांच्या छातीचा भाता सारखाच हलत असतो.

कारण पाणी. ते हवेच्या सुमारे आठशे पट दाट असतं. त्यात जितक्या जोरानं पुढे जाल, तितकं ते अडवतं, आणि हे अडवणं वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. ताकद तर घनाच्या पटीत लागते. वेग दहा टक्के वाढवायचा तर सुमारे तेहतीस टक्के जास्त ताकद लावावी लागते. आणखी दहा टक्के हवे असतील तर त्याच्यावर पुन्हा तेहतीस. नुसता जोर लावून पुढे जाण्याचा रस्ता असा लवकर संपतो.

म्हणून चांगले प्रशिक्षक लहान मुलांना जोर लावायला शिकवण्याआधी पाण्याला कमी अडायला शिकवतात. काठावरून हाक येते, “अगं, मान वर नको! तळाकडे बघ!” डोकं वर उचललं की कंबर खाली जाते, शरीर तिरकं होतं आणि पाण्याला थोपवायला छातीपासून गुडघ्यापर्यंतचा फळा मिळतो. डोकं खाली गेलं की तीच मुलगी बाणासारखी सपाट होते. ताकद तेवढीच, स्नायू तेच, पण सेकंदभर वाचतो. सेकंदभर म्हणजे शंभर नखं.

दुसरी हाक असते, “लांब हात!” यामागचं कारण मला कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून जाणारी प्रत्येक वस्तू, मग ती होडी असो की माणूस, स्वतःपुढे एक लाट उभी करते. वेग वाढला की ती लाट लांब होते. लाटेची लांबी वस्तूच्या लांबीएवढी झाली की पुढचा प्रवास आपल्याच लाटेचा चढ चढत करावा लागतो. हा वेग कधी येणार ते वस्तूच्या लांबीवर ठरतं. १ मीटर ४० सेंटिमीटर लांबीला तो सेकंदाला दीड मीटरच्या आसपास येतो. तीच मुलगी एक हात पुढे पूर्ण ताणून पावणेदोन मीटर लांब झाली, तर मर्यादा १.६५ मीटरवर सरकते. तिनं काहीच वाढवलेलं नसतं, फक्त हात ताणलेला असतो, आणि तेवढ्यानं पाण्याच्या लेखी ती मोठी होडी झालेली असते.

याच गणितातून पाण्याखालचं रहस्यही उलगडतं. अर्धा मीटर खोल गेलं की लाट उठवण्याचा खर्चच जवळजवळ उरत नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ हा अमेरिकन १०० मीटर बॅकस्ट्रोकला उतरला आणि पहिल्या ५० मीटरमधलं निम्म्याहून जास्त अंतर पाण्याखालूनच, माशासारखी कंबर हलवत गेला. सुवर्णपदक मिळालं जपानच्या दाइची सुझुकीला, आणि पाण्याखालून जाणाऱ्यांतला तोही एक होता. प्रेक्षकांना पोहणारेच दिसेनात. मग नियम आला आणि पुढे मर्यादा १५ मीटरवर ठरली. आज अंधेरीच्या तलावातही लेनच्या दोरीवर १५ मीटरला वेगळ्या रंगाची खूण दिसते. त्याच्या आत डोकं वर यायलाच हवं. सोलमधल्या एका शर्यतीची आठवण अशी आपल्या उपनगरातल्या दोरीला बांधून ठेवलेली आहे.

न दिसणारी भिंत

पोहणाऱ्याला भिंत कशी कळते? फ्रीस्टाइलला ती पुढे बघत नाही, कारण मान वर करायची नाही. ती तळाकडे बघते. तळावर लेनच्या मधोमध काळी रेघ असते आणि भिंतीच्या दोन मीटर अलीकडे ती आडव्या पट्टीनं संपते, इंग्रजी टी अक्षरासारखी. ती पट्टी डोळ्यांखालून गेली की कोलांटी घ्यायची वेळ झाली.

बॅकस्ट्रोकला तळही दिसत नाही, आकाश दिसतं. म्हणून भिंतीच्या पाच मीटर अलीकडे, पाण्याच्या वर १.८ मीटर उंचीवर, रंगीत झेंड्यांची माळ टांगलेली असते. गणपतीच्या मंडपातली पताकाच जणू. झेंडे डोक्यावरून गेले की मोजायचं: एक, दोन, तीन, चार आणि भिंत. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि उंची वाढली की तो बदलतो. मे महिन्यात पाच हात मारणारी मुलगी डिसेंबरमध्ये चार हातांत पोचते आणि जुन्या सवयीनं पाचवा मारायला जाते तेव्हा डोकं भिंतीवर आपटतं. म्हणून स्पर्धेच्या सकाळी सरावाला सोडतात तेव्हा जाणती मुलं सगळ्यात आधी झेंड्यांपासून भिंतीपर्यंतचे हात मोजून घेतात. ही आपल्या वाढत्या हाडांशी केलेली रोजची नवी ओळख असते.

आवाज आधी कोणाला?

आता शिट्ट्या. आधी छोट्या छोट्या शिट्ट्यांची माळ: टॉवेल काढा, तयार व्हा. मग एक लांब शिट्टी: ब्लॉकवर चढा. गॅलरीतला कलकलाट एकदम खाली बसतो. “टेक युअर मार्क्स.” आठ पाठी वाकतात. या क्षणी कोणी हललं तर संपलं, कारण चुकीच्या सुरुवातीला दुसरी संधी नाही. मग भोंगा.

एकदा एका छोट्या स्पर्धेत वेळ नोंदवायला माणसं कमी पडली आणि माझ्या हाती स्टॉपवॉच आलं. ५० मीटरची शर्यत, ५० मीटरचा तलाव. म्हणजे मुलं पलीकडच्या काठावरून सुटणार आणि आमच्या काठावर संपवणार. शेजारचे अनुभवी काका म्हणाले, “आवाज ऐकून बटण दाबू नका हं. स्टार्टरकडे बघा, दिव्याकडे बघा.” मला वाटलं, त्यानं काय फरक पडतो? घरी येऊन हिशेब केला. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ५० मीटर यायला त्याला सेकंदाचा सुमारे पंधरा शतांश भाग लागतो. प्रकाशाला लागणारा वेळ मोजण्यासारखाही नाही. म्हणजे मी कानावर विसंबलो असतो तर माझ्या लेनमधल्या मुलाला पंधरा शतांश सेकंद फुकट मिळाले असते, आणि शेजारच्या काकांच्या लेनमधल्या मुलाला नाही. पंधरा नखं, माझ्या एका चुकीनं.

हाच हिशेब सुरुवातीच्या काठालाही लागू होतो. स्टार्टर पहिल्या लेनच्या बाजूला उभा असेल तर आठव्या लेनमधल्या पोराला, वीस मीटर लांब, आवाज सहा शतांश सेकंद उशिरा पोचतो. म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकमागे स्वतंत्र स्पीकर लावतात, की आवाज सगळ्यांच्या पाठीशी एकाच क्षणी यावा.

आणि एकाच माणसावर विसंबायचं नाही म्हणून हाती घड्याळ धरणारे प्रत्येक लेनला तीन. दोन घड्याळं जुळली तर तोच वेळ. तिन्ही वेगळी आली तर मधला. सगळ्यात कमी नाही, सगळ्यात जास्त नाही, मधला. साधा नियम आहे, पण एकाची घाई आणि दुसऱ्याचा उशीर दोन्ही त्यात आपोआप बाजूला पडतात.

वादांतून आलेला न्याय

हे सगळं इतकं काटेकोर का झालं, याची गोष्ट रोमला सुरू होते. १९६० च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलला अमेरिकेचा लान्स लार्सन आणि ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट जवळजवळ बरोबर पोचले. लार्सनच्या लेनमधली तीन घड्याळं सांगत होती ५५.०, ५५.१, ५५.१. डेव्हिटची तिन्ही सांगत होती ५५.२. पण डोळ्यांनी निकाल देणाऱ्या पंचांमध्ये दुमत झालं, आणि मुख्य पंचांनी सुवर्णपदक डेव्हिटला दिलं. घड्याळ एक म्हणतं, डोळा दुसरं म्हणतो, आणि डोळा जिंकतो. हा निकाल कितीतरी जणांच्या मनाला लागून राहिला.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मग भिंतीवर स्पर्शपट्टी आली. पोहणाऱ्याचा हात लागला की घड्याळ थांबतं. लाटेच्या धक्क्यानं ते थांबू नये, म्हणून दीड-दोन किलोचा दाब लागेल अशी तिची रचना असते.

आता वाटेल, प्रश्न मिटला. पण १९७२ ला म्युनिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघांचंही टायमिंग आलं ४ मिनिटं ३१.९८ सेकंद. यंत्राला हजारावा भागही कळत होता. त्यात लार्सन दोन सहस्रांश सेकंदांनी पुढे होता. त्याला सुवर्ण, मॅकीला रौप्य. मग कोणीतरी विचार केला की दोन सहस्रांश सेकंदांत पोहणारा जातो किती? काही मिलिमीटर. आणि तलाव बांधणारा गवंडी मिलिमीटरवर भिंत बांधू शकतो का? आंतरराष्ट्रीय नियमांतही ५० मीटरची लेन किंचित जास्त लांब असली तरी चालते. म्हणजे यंत्र अचूक असलं तरी चौथी लेन पाचवीपेक्षा किंचित लांब असू शकते. जे अंतर भिंतच नेमकं सांगू शकत नाही, त्यावर माणसाचं पदक ठरवायचं नाही, असं ठरलं. तेव्हापासून शतांशाच्या पुढे मोजत नाहीत. शतांशापर्यंत बरोबरी असेल तर दोघंही विजेते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायचं रौप्यपदक म्हणून तिघांना मिळालं: मायकेल फेल्प्स, चॅड ल क्लो आणि लास्लो चेह, तिघेही ५१.१४.

मला ही गोष्ट या खेळातली सगळ्यात सुंदर वाटते. अधिक बारीक मोजता येत असूनही माणसांनी एका जागी थांबायचं ठरवलं. त्या थांबण्यातच न्याय आहे. आपल्या मुलीच्या निकालावर दशांशचिन्हानंतर दोनच आकडे दिसतात, त्याचं कारण हे.

तयारी: पाण्यातली आणि पाण्याबाहेरची

पोहायला शिकण्याची आपली परंपरा विहिरीची. पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधून मामानं ढकलून दिलं, की आपोआप हातपाय हलायचे. शहरात विहिरी बुजल्या आणि त्यांची जागा महापालिकेच्या तलावांतल्या उन्हाळी वर्गांनी घेतली. एकवीस दिवसांत मूल तरंगायला लागतं. तरंगण्यापासून स्पर्धेपर्यंतचा रस्ता मात्र दोन-तीन वर्षांचा. शाळेआधीच्या पहाटे, फळी धरून किक, एका हातानं ड्रिल, ५० मीटरचे आठ फेरे, मध्ये वीस सेकंद दम, पुन्हा आठ.

आणि मग स्पर्धा जवळ आली की सर अचानक सराव कमी करतात. पालक अस्वस्थ होतात: आत्ता तर जास्त करायला हवं ना? पण यालाच टेपर म्हणतात. महिनोन्‌महिन्यांच्या मेहनतीनं स्नायूंत साचलेला थकवा निघून जातो आणि कमावलेली ताकद तशीच राहते. सिडनी ऑलिंपिकआधीच्या तीन आठवड्यांत ९९ जलतरणपटूंचा अभ्यास झाला, त्यात सरासरी सुधारणा दोन टक्क्यांहून थोडी जास्त दिसली. ४० सेकंदांच्या शर्यतीत दोन टक्के म्हणजे ऐंशी शतांश. दहा वर्षांच्या मुलीला तीन आठवड्यांचा टेपर लागत नाही. दोन-तीन दिवस हलकं पोहणं आणि रात्री नऊला झोप, एवढं पुरतं. पण तत्त्व तेच: शेवटच्या आठवड्यात कमावता येत नाही, गमावता मात्र येतं.

जेवणाचंही तसंच. शर्यतीच्या दोन-तीन तास आधी पोहे, उपमा किंवा पोळी-भाजी, मधल्या वेळात केळं आणि घोटघोट पाणी. गेटबाहेरचा वडापाव शेवटच्या शर्यतीनंतर. वास मोहात पाडतो, पण तळलेलं पचायला रक्त पोटाकडे वळतं, आणि ते आज हातापायांना हवं असतं.

थंडीचा विचार मुंबईत कोणी करत नाही, पण करायला हवा. स्पर्धेचं पाणी २५ ते २८ अंशांचं असतं. आपल्या शरीराहून निदान नऊ अंशांनी गार. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून नेतं, आणि शरीर जितकं लहान तितकं ते लवकर गार होतं. दोन शर्यतींमध्ये ओल्या कपड्यांत थरथरत बसलेलं पोर आपली पुढची शर्यत काठावरच हरत असतं. सुका टी-शर्ट, कोरडा टॉवेल, पायात चपला. यात आईबाबांना जमेल असा अर्धा सेकंद दडलेला आहे.

आणि एक विनंती सगळ्यांनाच. तलावाला येणारा तो उग्र वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाची द्रव्यं तयार होतात, वास त्यांचा. डोळे चुरचुरतात तेही त्यांनीच. ऑलिंपिक मापाच्या तलावात पंचवीस लाख लिटर पाणी असतं. ते स्वच्छ राखायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे उतरण्याआधी दोन मिनिटं शॉवरखाली उभं राहणं.

वर गेलेला हात

एका स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोकची हीट चालू होती. तिसऱ्या लेनमधली चिमुरडी कधी नव्हे ती पुढे होती. शेवटच्या मीटरमध्ये तिला बहुतेक शेजारची टोपी दिसली. उजवा हात तिनं झपकन पुढे टाकला, भिंतीला लावला, आणि डावा मागून आला. गॅलरीत टाळ्या सुरू झाल्या. काठावरच्या पंचबाईंनी शांतपणे एक हात वर केला.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत. एक आधी, एक नंतर चालत नाही. मुलगी बाहेर आली, हसत. तिला अजून कळलं नव्हतं. तिच्या मॅडम आल्या, खाली बसल्या, तिचे दोन्ही तळहात आपल्या हातात घेतले आणि एकत्र जोडून दाखवले: असे. मग ती रडली, आणि मॅडमनी तिला रडू दिलं. दीड तासानं तिची दुसरी शर्यत होती, बटरफ्लाय. भिंत जवळ आली तेव्हा गॅलरीतून दिसलं, दोन्ही हात इतके बरोबर आले की जणू नमस्कारच केला भिंतीला. ती सहावी आली. जोडीनं आलेले तिचे ते हात मी विसरू शकत नाही.

तो वर गेलेला हात निष्ठुर वाटतो. पण तो नसेल तर शतांश सेकंदाला काही अर्थच उरत नाही. सगळ्यांसाठी भिंत एक, नियम एक, मोजमाप एक, असं असेल तरच नखाएवढं अंतर खरं.

बावीस पूर्णांक सत्तेचाळीस

या अंतराची सगळ्यात हळवी गोष्ट आपल्याच माणसाची आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. १९८६ च्या खजान सिंगनंतर, तब्बल चोवीस वर्षांनी, भारताला जलतरणात आशियाई पदक मिळालं होतं. पुढे तो तहसीलदार झाला, नोकरी सांभाळू लागला, आणि पुन्हा पाण्यात परतला.

२०१८, जकार्ता. ५० मीटर फ्रीस्टाइल. सकाळच्या हीटमध्ये त्याचं टायमिंग २२.४३, नवा राष्ट्रीय विक्रम. संध्याकाळी अंतिम फेरी. कांस्यपदक जपानच्या खेळाडूला, २२.४६. वीरधवल चौथा, २२.४७. एक शतांश सेकंद. त्याच्या वेगानं सव्वादोन सेंटिमीटर. सकाळचाच वेग संध्याकाळी राहिला असता तर पदक त्याच्या गळ्यात असतं.

तीन वर्षांनी, २०२१ च्या जूनमध्ये रोमला, हेच अंतर भारताच्या बाजूनं उभं राहिलं. टोकियो ऑलिंपिकसाठी थेट पात्रतेची वेळ होती १०० मीटर बॅकस्ट्रोकला ५३.८५. श्रीहरी नटराज ५३.७७ मध्ये पोचला. २०० मीटर बटरफ्लायला मर्यादा १ मिनिट ५६.४८, साजन प्रकाश १ मिनिट ५६.३८. एकानं आठ शतांशांनी दार उघडलं, दुसऱ्यानं दहा. या वेळा गाठून ऑलिंपिकला जाणारे ते पहिले भारतीय जलतरणपटू.

तरीही मला वाटतं, शतांश सेकंदाचा खरा उपयोग पदकासाठी नाही. एकाच वयोगटात नुकतं बारावं लागलेलं पोर आणि चौदाव्याच्या उंबरठ्यावरचं पोर शेजारी उभं राहतं, दोघांच्या उंचीत वीतभर फरक असतो, आणि लाटेचं गणित लांब होडीच्या बाजूचं असतं. तिथे कितवा नंबर आला, यावरून मुलाची मेहनत कळत नाही. पण गेल्या महिन्यात ४१.०२ आणि आज ४०.६७, हा फरक संपूर्ण त्याचा स्वतःचा असतो. तीच मुलगी, तेच ५० मीटर, तेच पाणी. मधले पस्तीस शतांश तिनं पहाटे उठून, मान खाली ठेवून, हात लांब करून कमावलेले असतात. फार थोड्या गोष्टी मुलांना इतक्या स्वच्छ शब्दांत सांगतात की तू कालपेक्षा पुढे आलीस.

म्हणून पुढच्या वेळी तुमचं, शेजारचं, भावाबहिणीचं पोर टॉवेलात गुंडाळलेलं, हातावर निळी अक्षरं घेऊन स्पर्धेहून परत येईल, तेव्हा “कितवी आलीस?” असं विचारू नका. “टायमिंग किती लागलं?” असं विचारा. ती लगेच सांगेल, शतांशासकट. तो आकडा तिला पाठ असतो.